टर्की खोटी नव्हती: ओएसटी केंद्रातलं एक प्रकरण

आमच्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात एक ओळ आहे: ‘डोस वाढवून मागतो. गोळी बाहेर जाते का पाहावे.’ त्या ओळीवर आता आडवी रेघ आहे. ती रेघ मारायला मला पाच दिवस लागले आणि तेवढ्यात एक माणूस जवळजवळ हातचा गेला होता. पुढचं सगळं वर्ष या प्रकरणात येईल, पण खरं प्रकरण त्या पाच दिवसांचं आहे.

पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि कामधंद्याचे तपशील बदलले आहेत. औषधं आणि त्यांचा क्रम तसाच ठेवला आहे.

केंद्र मध्य मुंबईत, हार्बर लाइनच्या जवळ. मी तिथली डॉक्टर. दोन खोल्या, एक जिना आणि गोळी द्यायची एक खिडकी. गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढणाऱ्या किंवा टोचून घेणाऱ्यांना इथे रोज ब्युप्रेनॉर्फिन मिळतं. नशेच्या जागी असं औषध देण्याच्या या उपचाराला ओएसटी म्हणतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2007 नंतर, अशी केंद्रं सरकारी खर्चाने सुरू झाली. कारण सरळ होतं. सुई थांबली की सुईतून जाणारा एचआयव्ही थांबतो. हे औषध मेंदूत हेरॉइनच्याच जागी घट्ट बसतं. टर्की, म्हणजे माल न मिळाल्यावर होणारा त्रास, थांबते, नशा मात्र फारशी चढत नाही. गोळी आम्ही पूड करून जिभेखाली देतो, कारण अख्खी गोळी गालात दडवून बाहेर नेता येते. पूड विरघळायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाणी नाही, बोलणं नाही. समोरच्या बाकावर तोंड मिटून बसलेली माणसं पाहिली की नवख्याला वाटतं इथे मौनव्रत चाललंय.

हा पेशंट पहिल्यांदा आला तो गळवासाठी. चाळिशीतला, वजन 43 किलो. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढं गळू, त्यातून पू येत होता. वडील परळच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. हा लग्नाच्या सीझनमध्ये केटरिंगला जायचा, एरवी मिळेल ती हमाली. रात्री वडाळ्याच्या पुलाखाली झोपायचा, रविवारी नायगावला बहिणीकडे जेवायला. गर्द अठरा वर्षं. आधी पन्नीवर जाळून धूर ओढत, शेवटची सहा वर्षं सुईने. पन्नीवरून सुईवर का गेलात, असं विचारलं तर हिशोब सांगितला: पन्नीवर निम्मा माल धुरात जातो, सुईने अर्ध्या पुडीत भागतं. सुईकडे वळणारे बरेच जण हाच हिशोब सांगतात. सुरुवात मजेने झाली असेल, सुई मात्र महागाईने हातात येते.

त्याच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यात तीन वेगवेगळ्या दवाखान्यांचे केसपेपर. एक दोन वर्षांपूर्वीचा: हेपेटायटीस सीची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह, पुढे शेरा, ‘व्यसन सोडल्यावर यावे’. दुसऱ्यावर छातीचा एक्स-रे लिहून दिलेला, काढलेला नाही. तिसऱ्यावर त्याच गळवाची पट्टी. शेरा कुठल्या रुग्णालयाचा हे सांगण्यात अर्थ नाही. तसे शेरे मी अनेक कागदांवर पाहिले आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अशी अट कुठेही नाही. उलट सुई घेणाऱ्याचा हेपेटायटीस सी लवकर बरा करावा असंच त्यात आहे, कारण एकाची सुई, पाणी आणि कापूस चार जण वापरतात. एचआयव्ही सुईबरोबर जातो हे आता सगळ्यांना पाठ झालंय. सीचा विषाणू मात्र गर्द विरघळवायच्या झाकणातून आणि गाळायच्या कापसातूनही जातो, आणि वापरलेल्या सिरिंजमध्ये खोलीच्या तापमानाला काही आठवडे जिवंत राहू शकतो. स्वतःची सुई कुणाला न देणारा माणूसही त्यामुळे सुटत नाही.

एक्स-रे का काढला नाहीत, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, एक्स-रेची लाइन सकाळी. माल न घेता त्या लाइनीत दोन तास उभं राहून दाखवा कुणीतरी.”

हे उत्तर मी नंतर बऱ्याच बैठकांत वापरलं. ओपीडी सकाळी, रक्त द्यायचं सकाळी, एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी सेंटर सकाळी, हेल्थ पोस्ट सकाळी. आमची खिडकीसुद्धा नऊ ते एक. ज्याला संध्याकाळपर्यंत टर्की लागणार आहे तो आधी टर्कीची सोय करतो. मग सगळ्या कागदांवर ‘पेशंट अनुपस्थित’ असा शिक्का बसतो.

पहिल्या दिवशी गळवाला चीर देऊन पट्टी केली. खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम, हे चार प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो; त्याने चारांनाही हो म्हटलं. थुंकीची डबी देऊन त्याला गच्चीवर पाठवलं. खिडकीसमोरच्या कोंदट खोलीत खोकल्याचा पेशंट बसवला तर आपणच क्षयरोग वाटायला बसलो असं होईल. रिझल्ट येईपर्यंत त्याला मास्क आणि डोसची वेळ सगळ्यात शेवटची, जिन्यातल्या उघड्या खिडकीपाशी.

ब्युप्रेनॉर्फिन लगेच सुरू करता येत नाही. हेरॉइन अंगात असताना दिलं तर ते हेरॉइनला उचकटून काढतं आणि माणूस अर्ध्या तासात कोसळतो. टर्की नीट सुरू झालेली दिसावी लागते, शेवटच्या सुईनंतर साधारण बारा तासांनी. तो दुसऱ्या सकाळी थरथरत आला. 4 मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, तिसऱ्या दिवशी 8 वर स्थिरावला.

त्याच आठवड्यात समुपदेशक ताईंनी त्याच्याशी बोलून, त्याची संमती घेऊन एचआयव्हीची तपासणी केली. सीबीनॅटवर, म्हणजे थुंकीच्या जनुकीय तपासणीत, क्षयरोग निघाला, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिरोध नव्हता. मुंबईत ही दुसरी ओळ वाचेपर्यंत श्वास रोखलेला असतो. एचआयव्ही पॉझिटिव्ह, सीडी-4 168, म्हणजे प्रतिकारशक्ती बरीच खालावलेली. हेपेटायटीस सी पॉझिटिव्ह हे पिशवीतला कागद सांगतच होता. हेपेटायटीस बी निगेटिव्ह. एसजीपीटी 78, म्हणजे यकृत आधीच थोडं वैतागलेलं.

तीन आजार, तीन कार्यक्रम, तीन ठिकाणं. आमच्या बैठकीत एकच प्रश्न होता: याला कुठे पाठवायचं? सिस्टर म्हणाल्या, “कशाला पाठवायचं? तो रोज इथे येतोच की.”

एवढंच ते. खिडकीवर तो रोज येणारच होता, गोळीसाठी. बाकीची औषधं तिथे आणायची होती. हेल्थ पोस्टच्या टीबी सुपरवायझरशी बोलून आमच्या सिस्टरना त्याचा डोस देणाऱ्या म्हणून नोंदवून घेतलं. निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर निघाला; पोषण आहाराच्या महिना 1000 रुपयांसाठी त्याचं बँक खातं नव्हतं, त्यात दोन महिने गेले. 43 किलोला चार औषधांच्या तीन गोळ्या. क्रम ठरला: आधी ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली, दहा मिनिटं शांतता, तेवढ्यात गळवाची पट्टी, मग पाणी आणि टीबीच्या गोळ्या. त्या दहा मिनिटांत ताई बोलायच्या आणि तो ऐकायचा. समुपदेशनात हे उलटं असायला हवं असं पुस्तक म्हणतं, पण त्याला ते आवडायचं. “प्रश्न विचारला तरी उत्तर द्यावं लागत नाही,” म्हणायचा.

ते पाच दिवस

टीबीच्या गोळ्या सोमवारी सुरू झाल्या. पुढच्या मंगळवारी तो खिडकीवर म्हणाला, “मॅडम, गोळी लागत नाहीये. रात्री दोनला जाग येते. अंग फुटतं.”

ओएसटी केंद्रात हे वाक्य रोज कुणीतरी म्हणतं. कधी खरं असतं, कधी वाढीव गोळी पुलाखाली विकायची असते. मी बुधवारपर्यंत बघू म्हटलं. बुधवारी तो नाक पुसत आला आणि चिडला. सिस्टरनी टॉर्च लावून त्याचं तोंड तपासलं, जिभेखाली, गालात. “लहानपणी आईनेही एवढं तोंड उघडायला लावलं नव्हतं,” तो म्हणाला. त्या दिवशी मी वरची ओळ लिहिली. गुरुवारी लघवीची तपासणी सांगितली. शुक्रवारी तो आलाच नाही.

आमचे पीअर वर्कर स्वतः नऊ वर्षं ओएसटीवर आहेत. शुक्रवारी दुपारी ते माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, शिंक खोटी काढता येते. जांभईपण येते. पण डोळ्याची बाहुली कोण मोठी करणार? हातावर काटा कोण आणणार? मी बघितलंय, त्याला टर्की लागलीय.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर टेबलावर ठेवलेल्या बाटलीत होतं. गुरुवारची त्याची लघवी भडक नारिंगी होती. सिस्टर सहज म्हणाल्या, “टीबीच्या गोळ्या तरी इमानदारीने घेतो.” रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे आम्हीच पेशंटना सांगतो, घाबरू नका म्हणून. ते औषध आणखी काय करतं हे मी एमबीबीएसला शिकले होते आणि विसरले होते.

रिफाम्पिसिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या यंत्रणेला जोर देतं. आठवडा-दोन आठवड्यांत ती यंत्रणा पूर्ण वेगात येते आणि ज्या औषधांची मोडतोड तिच्यातून होते त्यांची रक्तातली पातळी खाली येते. मेथाडोन या ओएसटीच्याच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हे कुप्रसिद्ध आहे. ब्युप्रेनॉर्फिन त्या मानाने सोसतं, असं माझ्या डोक्यात होतं. पण त्याचीही पातळी इतकी घटते की बऱ्याच जणांना टर्की लागते. खिडकीवर त्याला 8 मिलिग्रॅम मिळत होते, अंगाला त्यातलं थोडंच लागत होतं. दिवससुद्धा बरोबर जुळत होते: सोमवारी गोळ्या सुरू, आठ दिवसांनी तक्रार.

शनिवारी पीअर वर्करना तो शिवडीच्या रुळांजवळ सापडला. एक क्वार्टर आणि एक सुई झाली होती. टीबीचे दोन डोस बुडाले होते. त्याला बसवून मी सरळ सांगितलं की चूक माझी होती, टर्की खरी होती आणि ती टीबीच्या औषधामुळे लागली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, “म्हणजे मला वेड लागलं नव्हतं?”

ब्युप्रेनॉर्फिन 10, मग 12, मग 14 मिलिग्रॅम. 14 वर झोप परतली. त्याच दिवशी ओळीवर रेघ मारून बाजूला कारण लिहिलं. टीबी संपल्यावर डोस परत उतरवायचा, कारण रिफाम्पिसिन थांबलं की दोनेक आठवड्यांत तीच 14 मिलिग्रॅम जड होणार, हेही तिथेच लाल शाईने.

आता कल्पना करा की टीबीच्या गोळ्या त्याला चार गल्ल्या पलीकडे हेल्थ पोस्टवर मिळत असत्या. आमच्याकडे नोंद झाली असती, ‘पुन्हा सुईवर गेला’. तिकडे नोंद झाली असती, ‘डिफॉल्टर’. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. मधलं कारण दोघांनाही दिसलं नसतं. मुळात या सगळ्याला सेवांचं एकत्रीकरण हा शब्द मला फार जड वाटतो. आमच्याकडे घडलं ते एवढंच, की नारिंगी बाटली आणि ओएसटीचं रजिस्टर एकाच टेबलावर होतं.

रात्रीची एक गोळी

टीबी सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत एआरटी सुरू करायची असते. आता पहिल्या पसंतीची गोळी टीएलडी: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर एकत्र. रिफाम्पिसिन डोलुटेग्राविरलाही खातं, म्हणून टीबीच्या काळात बारा तासांनी 50 मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. एआरटी सेंटरने नेहमीप्रमाणे टीएलडी रात्री आणि जादा गोळी सकाळी लिहून दिली. पुलाखाली झोपणारा माणूस टीएलडीची बाटली कुठे ठेवणार? आम्ही सेंटरला फोन करून उलटवलं. तीन औषधांची मुख्य गोळी सकाळी खिडकीवर, आमच्यासमोर. रात्रीसाठी एकच छोटी गोळी, कागदाच्या पुडीत. चुकलीच तर कमी नुकसान होणारी गोळी रात्रीला ठेवली. ती अधूनमधून चुकलीच. त्याने मोजून सांगितलेल्या आठवड्यांत साधारण एकदा.

बहिणीने विचारलं, “एवढ्या गोळ्या कसल्या?” त्याच्या परवानगीने आम्ही फक्त टीबीचं सांगितलं. घरातल्यांची तपासणी करायची होतीच. एचआयव्हीचं कुणाला सांगायचं, हे ठरवणं त्याचं काम. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तसं स्पष्ट आहे. त्याच कायद्यात स्वच्छ सुया वाटणं हा गुन्हा नाही असंही आहे. त्या कलमाची झेरॉक्स पीअर वर्करच्या पाकिटात कायम असते, बीटवरच्या नव्या हवालदारासाठी.

तिसऱ्या आठवड्यात एसजीपीटी 140 झालं. हेपेटायटीस सी असलेल्या यकृतावर टीबीची औषधं जड जातात, त्यात त्या शुक्रवारची क्वार्टर. उलटी नाही, कावीळ नाही आणि आकडा कमाल मर्यादेच्या पाचपटीखाली, म्हणून औषधं थांबवली नाहीत; दर आठवड्याला रक्त तपासलं. टर्की आटोक्यात आल्यावर दारूही उतरली आणि आकडाही.

रक्त काढणं हेच मोठं प्रकरण होतं. हाताच्या शिरा सुयांनी बुजलेल्या. मागे एका लॅबमध्ये सहा ठिकाणी टोचून झाल्यावर टेक्निशियनने त्यालाच ओरडून हाकललं होतं. सीच्या विषाणूची पुढची तपासणी कधीच न होण्याचं एक कारण तेही होतं. आमच्या सिस्टरनी त्याला विचारलं, “कुठली लागते?” त्याने अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. पहिल्याच टोचणीत रक्त आलं.

टीबीचे सहा महिने पूर्ण झाले. मधे आम्हाला ठाऊक असलेल्या चार वेळा त्याने सुई घेतली, प्रत्येक वेळी सीझनचे पैसे हातात आल्यावर. थुंकी निगेटिव्ह, वजन 49. ब्युप्रेनॉर्फिन हळूहळू 14 वरून खाली.

हेपेटायटीस सीला मुद्दाम थांबवून ठेवलं होतं. रिफाम्पिसिनबरोबर सोफोसब्युव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर चालत नाहीत. पातळी इतकी पडते की उपचार वाया जातो. हे त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, नाहीतर पिशवीतल्या त्या शेऱ्यात आणि आमच्या ‘नंतर’मध्ये त्याला काय फरक दिसला असता? रिफाम्पिसिनचा असर उतरल्यावर राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटीस नियंत्रण कार्यक्रमातून औषधं मिळाली. हा कार्यक्रम जुलै 2018 पासून आहे, औषधं मोफत. सिरोसिस नव्हता, म्हणून 12 आठवडे. महिन्याची औषधं पीअर वर्कर त्याच्याबरोबर जाऊन आणायचे, रोजची गोळी खिडकीवर. मग आणखी 12 आठवडे थांबून विषाणूची तपासणी: आढळला नाही. या औषधांनी शंभरात पंचाण्णवच्या आसपास लोक बरे होतात, त्यामुळे निकालाचं मला आश्चर्य नव्हतं. त्याला होतं.

आमचं काय राहिलं तेही लिहिते. हेपेटायटीस बीच्या लसीचा तिसरा डोस उशिरा झाला. त्याच्याबरोबर एकाच झाकणातून घेणाऱ्या दोघांना आम्ही फार उशिरा गाठलं. एक आता खिडकीवर येतो, दुसरा रे रोडहून कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. आणि तो स्वतः, ज्या अर्थाने मराठीत व्यसनमुक्त म्हणतात, तसा नाही. रोज गोळी घेतो. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं बहिणीचा नवरा म्हणतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. दोन वर्षांपूर्वी 43 किलोचा, तीन आजारांचा माणूस रविवारी त्याच्या घरी जेवायला यायचा, आता 54 किलोचा येतो.

गेल्या पावसाळ्यात केटरिंगच्या टेम्पोतून उतरताना पडून त्याचं मनगट मोडलं. ऑपरेशनआधीच्या रॅपिड टेस्टमध्ये हेपेटायटीस सी पुन्हा पॉझिटिव्ह. तो त्याच दिवशी फोनवर रिपोर्टचा फोटो घेऊन आला, चेहरा पांढरा. “मी नाही घेतली, मॅडम. शपथ.”

रॅपिड टेस्ट विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती बरं झाल्यावरही आयुष्यभर राहतात. हे आम्ही उपचार संपताना सांगायला हवं होतं. पुन्हा लागण होऊ शकते म्हणून विषाणूची तपासणी परत केली: नाही. तेवढं आमच्या लेटरहेडवर लिहून दिलं. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याने ते लॅमिनेट करून घेतलं, वीस रुपयांत. पिशवी तीच आहे, जुने तीन केसपेपर त्यातच आहेत, आणि हा कागद सगळ्यात वर.